हिम नावाचा अतिथी

पाठशाळेत तत्त्वार्थसूत्राचा तिसरा अध्याय पाठ करणारे मूल बर्फ पाहण्याच्या पुष्कळ आधी हिमवान पर्वताचे नाव शिकते. हिमवान, महाहिमवान, निषध ही नावे जिभेवर रुळतात. आदिनाथ भगवंतांची निर्वाणभूमी असलेल्या कैलासाचे धवल शिखर चित्रांतून डोळ्यांत भरते. उसाच्या मळ्यांत किंवा सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या त्या मुलाला प्रत्यक्ष हिमावर पाऊल ठेवावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. आता त्या इच्छेला स्कीइंगची जोड मिळाली आहे. नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब गुलमर्गला जाण्याचा बेत अनेक घरांत आखला जातो आणि पहिली अडचण तेथेच उभी राहते. शाळेच्या सुट्टीची तारीख ठरलेली असते, बर्फाची नसते.

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, पीरपंजाल पर्वतरांगेच्या कुशीत वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २,६५० मीटर. उन्हाळ्यात फुलांनी भरणारे हे विस्तीर्ण कुरण हिवाळ्यात हिमाखाली जाते. येथे १९२७ मध्ये ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ची स्थापना झाली, तेव्हापासून गुलमर्ग आणि स्कीइंग ही दोन नावे एकत्र उच्चारली जातात. पाळण्यांच्या रज्जुमार्गाचा, म्हणजे गोंडोलाचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो. २००५ पासून सुरू असलेला दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत पोहोचतो.

काश्मिरी माणसाचे हिवाळ्याचे पंचांग स्वतंत्र आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे थोरली थंडी. त्यानंतर वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ ही धाकटी थंडी आणि शेवटी दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’ हे थंडीचे शेंडेफळ. थोरल्या थंडीत पडलेले हिम टिकते, दगडासारखे घट्ट होते आणि उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी पुरवते. नाताळची सुट्टी नेमकी या चाळीस दिवसांच्या उंबरठ्यावर येते. थंडी आलेली असते, हिम येईलच असे नसते.

याचे कारण समजून घेतले, तर बेत आखणे सोपे जाते. काश्मीरचे हिवाळी हिम मोसमी वाऱ्यांनी येत नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघून इराण-अफगाणिस्तान ओलांडत येणारे ‘पश्चिमी विक्षोभ’ ते आणतात. दोन विक्षोभांच्या मध्ये आकाश निरभ्र राहते. रात्री कडाक्याच्या, दिवसा स्वच्छ ऊन आणि कुरणावर पिवळे गवत. सुरुवातीचे विक्षोभ दुबळे असले तर डिसेंबर कोरडाच सरतो. शिवाय हंगामाच्या आरंभी जमिनीत ऊब शिल्लक असते, त्यामुळे पहिला पातळ थर दोन-तीन दिवसांत विरून जातो. नवशिक्याला स्की शिकण्यासाठी गवतावर साधारण फूटभर तरी दबलेला बर्फ हवा. भुरभुरलेल्या चार बोटांच्या हिमात छायाचित्र चांगले येते, पण स्कीच्या पट्ट्या दगडाला लागतात.

उंचीचे गणितही ध्यानात ठेवावे. हजार मीटर वर गेले की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे, म्हणून तेथे पाऊस पडत असताना गुलमर्गला हिम पडत असू शकते. अफरवत आणखी सुमारे आठ अंशांनी थंड असते. डिसेंबरात कुरण उघडे असले तरी वरच्या टप्प्यावर हिम सापडण्याची शक्यता अधिक असते, ती यामुळेच. मात्र अफरवतचे मोकळे उतार नवशिक्यांसाठी नाहीत. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ या दोन्ही वेळी गुलमर्गच्या हिमस्खलनांत परदेशी स्कीपटूंनी प्राण गमावले. लहान मुलांची जागा खालच्या सौम्य उतारावर, प्रशिक्षकाच्या नजरेसमोर आहे. खाली हिम नाही म्हणून मुलांना वर नेऊन स्की बांधणे हा मार्ग नव्हे.

अनिश्चितता केवळ डिसेंबरपुरती राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलानात, गुलमर्गचे कुरण जवळजवळ कोरडे होते. महिनाअखेरीस हिम आले आणि फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा पार पडल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, त्याच स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा हिमाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. जेथे शासनाच्या स्पर्धेलाही हिमासाठी थांबावे लागते, तेथे एका कुटुंबाने आधीच ठरवलेल्या दिवशी ते हजर असेल असे गृहीत धरू नये.

म्हणून शहाणे कुटुंब बेताचे दोन भाग करते. विमानाची तिकिटे लवकर काढावी लागतात, ती काढावीत. पण गुलमर्गमधील मुक्कामाची नोंदणी करताना रद्द करण्याच्या अटी नीट वाचाव्यात. सहलीचे पहिले दिवस श्रीनगरला घालवून गुलमर्ग शेवटच्या दोन-तीन दिवसांवर ठेवले, तर मधल्या काळात येणाऱ्या विक्षोभाचा लाभ मिळू शकतो. हवामान खात्याचा अंदाज पाच-सहा दिवसांपलीकडे फारसा धरून चालू नये. हिम आलेच, तर टंगमर्ग ते गुलमर्ग हा तेरा किलोमीटरचा चढ साखळ्या बांधलेल्या वाहनानेच चढता येतो. त्याच हिमाने विमानेही अडतात, म्हणून परतीत एक दिवस मोकळा हवा. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे धावू लागली आहे, तोही एक पर्याय. गोंडोलाची तिकिटे आगाऊ घ्यावीत, पण जोराचा वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो हे मुलांना घरीच सांगून ठेवावे. ज्यांना स्कीइंग खरोखर शिकायचे आहे, त्यांनी नाताळचा हट्ट सोडून जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीचा विचार करावा. हिमाचा भरवसा तेव्हा तुलनेने अधिक असतो.

जैन कुटुंबाच्या बेतात आहाराची जुळणी आलीच. डिसेंबरच्या अखेरीस येथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो, कोल्हापूरपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक आधी. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांनी दुपारी चारलाच उतारावरून परतावे आणि उपाहारगृहाला सायंकाळच्या भोजनाची वेळ सकाळीच सांगावी. काश्मिरी पंडितांच्या पारंपरिक पाकपद्धतीत कांदा-लसूण नसते, हिंग, सुंठ आणि बडीशेप यांवर चव उभी राहते. त्यामुळे राजमा किंवा ‘हाक’ नावाची पालेभाजी कांदा-लसणाविना करून मागितली, तर तेथील स्वयंपाक्याला त्यात फारसे नवल वाटत नाही. ‘नदरू’ मात्र कमळाचा कंद आहे, हे विसरू नये. हिवाळ्यासाठी उन्हात वाळवून ठेवलेल्या भाज्या हे काश्मिरी घराचे जुने वैभव. त्यांतली वाळवलेल्या दुधीची ‘अल हच्य’ पाहून, चातुर्मासासाठी भाज्या वाळवणाऱ्या आजीला परक्या मुलुखात आपले अंगण आठवेल. सोबत दशम्या, भडंग आणि मेतकूट असले की दिवस निभावतो.

वस्त्रांचाही विचार हवा. उबदार जाकिटांत पुष्कळदा बदकांची पिसे भरलेली असतात आणि हातमोजे चामड्याचे असतात. कृत्रिम तंतू भरलेली जाकिटे आणि कापडी हातमोजे तितकेच उपयोगी पडतात. टंगमर्गला भाड्याने कपडे घेताना हे विचारून घ्यावे.

सर्वांत अवघड प्रश्न घरातील ज्येष्ठ विचारतात आणि तो टाळू नये. मूलाचारात दव, हिम, धुके यांची गणना अप्कायिक जीवांत केली आहे. बावीस अभक्ष्यांतही हिमाचा समावेश होतो, म्हणूनच नातवंडे हिम उचलून तोंडात घालू लागली की आजी हात धरते. मग त्याच हिमावरून घसरत जाणे श्रावकाला शोभते का? अणुव्रती गृहस्थाला स्थावर जीवांची विराधना सर्वथा टाळता येत नाही, पण प्रयोजनावाचून होणारी विराधना टाळण्यासाठीच अनर्थदंडव्रत सांगितले आहे. खेळ हे प्रयोजन मानावे की नाही, याचे उत्तर प्रत्येक घर आपापल्या विवेकाने देते. काही कुटुंबे स्की न बांधता केवळ दर्शन घेऊन परततात. काही जण शिकतात, पण आखलेला उतार सोडत नाहीत आणि निष्कारण हिम तुडवत नाहीत. दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले असले, तर मुलांना त्यातून सहलीपेक्षा मोठे काही मिळते.

हिम न पडलेल्या वर्षी पर्यटक हिरमुसतो, पण त्याचे नुकसान एका सुट्टीचे असते. घसरगाडी ओढणारा मजूर, स्की भाड्याने देणारा आणि प्रशिक्षक यांची वर्षभराची मिळकत त्या काही आठवड्यांवर उभी असते. माणसाने ओढलेल्या गाडीत बसणे काहींना रुचत नाही. त्यांनी त्याच माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे आणि योग्य मोबदला द्यावा. कोरड्या वर्षी बेत रद्द न करता गेलेले कुटुंब त्या घरांना आधारच देत असते. पाहण्यासारखे तेव्हाही पुष्कळ असते. देवदारांची वने, कांगडीची शेगडी फेरनच्या आत धरून बसलेली माणसे, स्वच्छ आकाशात नजरेला पडणारा नंगा पर्वत.

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असा अर्थ आपल्या परंपरेने सांगितला आहे. अतिथिसंविभागव्रत पाळणारा श्रावक शुद्ध आहार सिद्ध करून दारात प्रतीक्षा करतो. मुनिराज आले तर धन्यता वाटते. न आले तरी सिद्धता वाया गेली असे तो मानत नाही, उद्या पुन्हा दारात उभा राहतो. मुनिराजांची बरोबरी कशाशीच होत नाही, ही वृत्ती मात्र प्रवासाला घेऊन जाण्याजोगी आहे. गुलमर्गला निघताना उबदार कपडे, मोकळा दिवस आणि सायंकाळच्या भोजनाची वेळ एवढी तयारी पुरी असावी. रात्री खिडकीबाहेर हिम पडू लागले, तर मुलांना झोपेतून उठवून ते दाखवावे.