अण्णांचा आवाज

सांगलीतील एका हळदीच्या पेढीचा सुवर्णमहोत्सव २००७ साली झाला. त्याचे चित्रीकरण एकेक तासाच्या पाच मिनी डीव्ही कॅसेटींवर झाले होते. पुढच्याच वर्षी पेढीचे संस्थापक अण्णा गेले. पहिल्या स्मृतिदिनी आप्तेष्टांना या समारंभाची डीव्हीडी द्यावी, असे थोरल्या चिरंजिवांनी ठरविले.

त्यांनी पाचही तास एकाच तबकडीत भरले. ध्वनीसाठी संगणकावर ‘सराउंड’ची खूण केली आणि घरातील सहा स्पीकरांच्या संचावर ती लावली. गर्दीच्या दृश्यांत चौकोनी ठिपके उमटले. अण्णांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसून गेल्या. भाषण तर चहूबाजूंनी घुमू लागले. आक्का थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “बंद कर बाळ. अण्णा कुणाच्या मागून कधी बोलत नसत.”

ते वाक्य चिरंजिवांच्या जिव्हारी लागले. मग त्यांनी हिशेब मांडला. साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट. मूळ डीव्ही चित्रीकरणाला तासाला सुमारे १३ गिगाबाइट लागतात, म्हणजे संकोचन अटळच. पण पाच तास कोंबले, तर दर सेकंदाच्या वाट्याला जेमतेम २ मेगाबिट येतात. ऐंशी मिनिटे ठेवली, तर साडेसातच्या वर. पोते तेच, माल किती भरायचा एवढाच प्रश्न होता. भोजनाच्या पंगती, हारतुरे आणि पुनरावृत्ती त्यांनी वगळली. चित्रासाठी सेकंदाला ७ मेगाबिट ठेवले आणि संगणकाला दोन फेऱ्यांत काम दिले: पहिल्या फेरीत दृश्यांची पाहणी, दुसऱ्या फेरीत गरजेप्रमाणे वाटप. स्थिर दृश्याला कमी, हलत्या दृश्याला अधिक.

ध्वनीचा उलगडा मूळ कॅसेटीतच झाला. चित्रीकरणकाराने एका वाहिनीवर अण्णांच्या सदऱ्याला लावलेला माइक व दुसरीवर सभागृहाचा ध्वनी घेतला होता. संगणकाने दोन्ही एकत्र करून सर्वत्र पसरविले होते. चिरंजिवांनी ते पुन्हा वेगळे केले. डॉल्बी डिजिटल ५.१ मध्ये मधली वाहिनी मुख्यतः संवादासाठी वापरतात. तेथे केवळ अण्णांचा आवाज ठेवला. सभागृह डाव्या-उजव्या बाजूस, मागे त्याचीच अगदी मंद छाया. खोल गडगडाटासाठी असलेली सहावी वाहिनी त्यांनी रिकामीच सोडली. जी जमा झालीच नाही, ती रक्कम वहीत कशी दाखवायची? ध्वनीचा दर सेकंदाला ४४८ किलोबिट ठेवला.

साऱ्या प्रती काढण्यापूर्वी एक तबकडी आक्कांसमोर लावली. पडद्याच्या मध्यातून अण्णा बोलू लागले. पेढीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याचे वजन चुकून कमी धरले गेले आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्या गावी जाऊन फरक देऊन आले, ती हकिकत. सांगताना ते मध्येच थबकले आणि एक बारीक श्वास ऐकू आला. पहिल्या तबकडीत तो हरवला होता.

आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. “इथं त्यांना दम लागायचा,” त्या म्हणाल्या. “पुन्हा लाव.”

चिरंजिवांनी पुन्हा लावले. त्या रात्री त्यांनी पाचही मूळ कॅसेटी कोरड्या डब्यात बंद करून पेढीच्या तिजोरीत, जुन्या वह्यांशेजारी ठेवल्या.