हुजूम आणि झुंड

'व्हिजिलान्टिझम'ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'कायदा हातात घेणे' म्हणतात, पण त्यात उगारलेला हात दिसतो, मार खाणारा माणूस दिसत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दू वर्तमानपत्रे 'हुजूमी तशद्दुद' लिहितात. तिथेही माणूस गायबच. मराठीत अलीकडे रुळलेला 'झुंडबळी' हा शब्द आम्हाला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो.

२०१५ च्या दादरीपासून आपल्या मोहल्ल्यांत झुंड म्हणजे दुसऱ्यांची, असा समज पक्का झाला आहे. त्यामागचे दुःख खरे आहे. पण १ जुलै २०१८ चा रविवार आठवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मोबाइलवरची अफवा पुरली. त्याच रात्री मालेगावात, म्हणजे आपल्याच वस्तीत, त्याच संशयाने पाच जणांना जमावाने घेरले. त्यांत दोन वर्षांचे मूल होते! काही स्थानिकांनी त्यांना घरात आसरा दिला, पोलीस पोचले, म्हणून ते वाचले. त्या दाराबाहेर उभे असलेले कोण होते, याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या कायद्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ (२) लागू आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, श्रद्धा अशा कारणांवरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. मूलचोरीची अफवा या यादीत कुठे बसवायची, ते वकील जाणोत.

आम्ही हे आठवीच्या वर्गात सांगितले. चोर सापडला तर काय कराल, असे विचारले. एक मुलगा उठला, "पहले दो मारूंगा सर, फिर पुलिस को देऊंगा." वर्ग हसला. तो हसला नाही. "मेरे अब्बा का मोबाइल चोरी हुआ तो चौकी में रिपोर्ट लिखेच नहीं. 'खो गया' करके कागज दिए."

बी.एड.च्या पाठ-टाचणात अशा उत्तरासाठी रकाना नसतो. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवता येते, हे आम्ही फळ्यावर लिहिले. मुलांनी उतरून घेतले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, उर्दू में लिखे तो चलता?"