थोरली डेबियन

आमच्या धंद्यात कंटेनर इमेज निवडताना पहिला प्रश्न ठरलेला, "साइज किती?" अल्पाइन डिस्कवर उलगडल्यावर सात-आठ एमबीची, म्हणून ती लाडकी. डेबियनची 'स्लिम' साधारण ७५ एमबी, ही मधली. आणि पूर्ण डेबियन सव्वाशेच्या आसपास, ही थोरली. तिला कुणी विचारत नाही. मला मात्र हल्ली या थोरलीबद्दल भलतंच प्रेम वाटायला लागलंय. कारण पाबळ.

पाबळ म्हणजे शिक्रापूरहून राजगुरुनगरकडे जाताना लागणारं, शिरूर तालुक्यातलं गाव. इतिहासवाल्यांना ते मस्तानीच्या कबरीमुळे माहीत असतं. आपल्यासारख्यांना माहीत असायला हवं ते विज्ञान आश्रमामुळे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लीव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून इथे आले आणि १९८३ मध्ये शाळा सुटलेल्या मुलांना हातानं काम करत शिकवायला लागले. वेल्डिंग, शेती, वीज, बांधकाम, सगळं. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेतल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक इथे उभी राहिली. फॅब लॅबची गंमत अशी, की यंत्रं आणि सॉफ्टवेअर सगळीकडे साधारण सारखं ठेवायचं, म्हणजे बॉस्टनमधलं डिझाइन पाबळमध्येही बनतं. डॉकर आलं २०१३ मध्ये. "माझ्या मशीनवर तर चालतंय" या आपल्या राष्ट्रीय आजारावर त्यानं तेच औषध काढलं, फक्त सॉफ्टवेअरपुरतं.

असो. पाबळला माझा मामेभाऊ असतो, बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला लिनक्स शिकायचं होतं, पण लॅपटॉपवरचं विंडोज काढायचं नव्हतं (घरच्यांचं सगळं त्यातच!). कंटेनरमध्ये स्वतःचा कर्नल नसतो, तो यजमान मशीनचा वापरतात. म्हणून विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल लागतं. तेवढं झालं की एका कमांडमध्ये डेबियन हजर. त्यानं यूट्यूबवर बघून स्लिम उतरवली आणि पहिल्याच रात्री आतल्या सगळ्या फाइल उडवून टाकल्या. मुद्दाम! कंटेनर मेला, लॅपटॉपला ओरखडा नाही. परत 'डॉकर रन', परत नवीन डेबियन. मोडायला कुणी ओरडत नाही, ही शिकणाऱ्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे! आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये माउस जोरात हलवला तरी बोलणी बसायची.

पण आठवड्यानं त्याचा फोन.

"दादा, मॅन एलएस टाइप केलं तर कमांडच नाही म्हणतं."

"मॅन-डीबी पॅकेज टाक."

"टाकलं. आता म्हणतं, एलएसचं पानच नाही. पुस्तकं कुणी पळवली?"

पळवली म्हणजे... स्लिम करतानाच काढली. मॅन पेजेस, युएसआर-शेअर-डॉकमधली कागदपत्रं, आणि वेगवेगळ्या भाषांमधली भाषांतरंही. वर डीपीकेजीला सूचना लिहून ठेवलेली, की पुढे जे पॅकेज येईल त्याचीही ही पानं टाकू नकोस. सर्व्हरसाठी हे अगदी बरोबर आहे. रात्री दोन वाजता प्रोडक्शन पडल्यावर कंटेनरच्या आत बसून मॅन पेज वाचणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण ज्याला शिकायचंय त्याच्यासाठी आपण वाचवलेले पन्नास एमबी म्हणजे नेमकी पुस्तकंच. आणि आपणच ऑफिसात त्याला 'ऑप्टिमायझेशन' म्हणून टाळ्या वाजवतो.

गावात रेंज बेभरवशाची. म्हणून पुढच्या शनिवारी थोरली डेबियन 'डॉकर सेव्ह' करून पेनड्राइव्हवर नेली. तिकडे 'डॉकर लोड', की झालं, नेटची गरजच नाही. मॅन-डीबीचं पॅकेजही सोबत नेलं होतं. एलएसचं पान उघडलं तेव्हा पठ्ठ्या खुशीत.

मग त्याला आणखी एक गंमत दाखवली. कंटेनरमध्ये मुळात भाषेचं काही सेटिंगच नसतं. फोनच्या हॉटस्पॉटवर 'लोकेल्स' पॅकेज उतरवलं, मराठी भारत यूटीएफ-८ तयार केलं, लँग बदललं, आणि एप्ट चक्क मराठीत बोलायला लागलं! सगळं नाही, बऱ्याच ओळी इंग्रजीच राहतात, आणि जे मराठी आहे ते तहसील कार्यालयातल्या नोटिशीसारखं. पण कुणीतरी बसून हे फुकट भाषांतर केलंय, डेबियनच्या इन्स्टॉलरचंही केलंय. स्लिममध्ये ते नसतंच. मामी मागून वाचत होती. म्हणाली, "हे तर मलाही कळतंय की."

आता त्यानं स्वतःची डॉकरफाइल लिहिलीय, पाच ओळींची. त्यात एप्ट अपडेट एका रन-ओळीत आणि इन्स्टॉल दुसऱ्या. पहिला थर कॅशमधून येणार, यादी जुनी राहणार, आणि महिन्याभरात कधीतरी पॅकेज ४०४ देणार. मला पाहिल्याबरोबर दिसलं. सांगितलेलं नाही. शोधू दे की जरा.