झुकते माप

अहिल्यानगरच्या बाजारपेठेत तीन पिढ्या भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या एका घरात चातुर्मासाच्या आरंभी एक घड्याळ आले. काळेभोर, पंचेचाळीस मिलिमीटर रुंद, कडेला दातेरी कडी आणि तबकडीवर ठसठशीत आकडे असलेले. ते आणणारा नातू पुण्यात संगणक कंपनीत नोकरीला आहे. दादाजींनी ते हातात घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, तो किमतीचा नव्हता.

"पट्टा कशाचा?"

"रबराचा आहे, दादाजी. चामड्याचा आणीन का मी या घरात?"

मग दुसरा प्रश्न, "भाव?" भाव चाळीस हजारांच्या घरात होता. घड्याळ नातवाच्या मित्राने वापरलेले होते. त्याने ते पंधरा दिवसांसाठी दिले होते. पसंत पडले तर पैसे द्यायचे, नाही तर माल परत. "म्हणजे जांगड आणलेस," दादाजी म्हणाले. नातू हसला. पेढीवर न बसण्याचा निर्णय त्याने घेतल्यापासून आजोबा-नातवात कुशलप्रश्नांपलीकडे बोलणे उरले नव्हते. पेढीचा एक शब्द असा अवचित त्याच्या व्यवहाराला लागू पडला, याचे दोघांनाही थोडे नवल वाटले.

नातवाच्या वडिलांचे मत स्पष्ट होते. वेळ मोबाइलमध्ये दिसते. पाणीसुद्धा गाळून आणि मोजून वापरणाऱ्या घरात 200 मीटर खोल समुद्रात चालणारे घड्याळ कशाला? प्रश्न बिनतोड होता. नातवाला पोहताही बेताचेच येत होते. दादाजी मात्र म्हणाले, "माल जांगड आला आहे, तर पारख करूनच परत करू. पोत्याच्या तोंडचे दाणे पाहून भाव करायचा नसतो. सळई घालून मधला नमुना काढायचा असतो."

मग पंधरा दिवस ही पारख चालली. नातू शनिवार-रविवारी घरी येई, एरवी फोनवर बोले.

पहिला नमुना इतिहासाचा निघाला. अशा घड्याळांची मागणी हौशी लोकांची नव्हती. फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांचे पथक उभे करणारे कॅप्टन रॉबर्ट मालूबिए आणि लेफ्टनंट क्लोद रिफो यांना पाण्याखालच्या अंधारात वाचता येईल असे घड्याळ हवे होते. स्विस कंपनी ब्लाँपाँचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. पाण्याखाली वेळेचे भान न राहिल्याने हवा संपण्याचा जिवावरचा प्रसंग त्यांच्यावर येऊन गेला होता. या दोन गरजांच्या भेटीतून 1953 मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ तयार झाले. फॅदम म्हणजे आपल्याकडचा वाव. पन्नास वाव म्हणजे सुमारे 91 मीटर. पुढे 1990च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या 'सील' पथकांशी ल्युमिनॉक्ससारख्या घड्याळांचे नाव जोडले गेले आणि 'टॅक्टिकल' हा शब्द जाहिरातींत रूढ झाला. त्याचा साधा अर्थ एवढाच, की घड्याळ चकाकू नये, जड होऊ नये, अंधारात दिसावे आणि आपटले तरी थांबू नये.

"म्हणजे यात शोभेसाठी काही नाही?" दादाजींनी विचारले.

"मुळात नव्हते. आता बरेचसे शोभेसाठीच घेतात," नातवाने प्रामाणिकपणे सांगितले.

दुसरा नमुना पाण्याचा. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ 6425 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळ किमान 100 मीटर खोलीच्या दाबाला टिकले पाहिजे आणि लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबाखाली त्याची चाचणी झाली पाहिजे. म्हणजे 200 मीटरच्या घड्याळाची परीक्षा 250 मीटरच्या दाबाला होते. याउलट साध्या घड्याळावर '30 मीटर' लिहिलेले असले, तरी ते पोहण्यासाठी नसते. हात धुताना किंवा पावसात शिंतोडे उडाले तर चालेल, एवढीच ती हमी. पाणबुड्याच्या घड्याळाची चावी आट्यांची असते, ती फिरवून घट्ट बसवावी लागते. पण पाणी खरोखर अडवतात ते आतले रबरी वॉशर, आणि रबर काळाने कडक होते. नातवाला याचा अनुभव होता. त्याचे एक जुने घड्याळ एका दुकानात सेल बदलल्यानंतर पहिल्याच पावसात काचेच्या आतून धुरकटले होते. झाकण उघडले, सेल बदलला. वॉशर मात्र कोणी पाहिला नव्हता.

"हे विम्यासारखे झाले," दादाजी म्हणाले. "पॉलिसीचा कागद कपाटात असतो, पण हप्ता थकला की संरक्षण संपते."

तिसरा नमुना प्रकाशाचा, आणि येथे दादाजींचे औत्सुक्य वाढले. या घड्याळाच्या काट्यांवर आणि आकड्यांपाशी काचेच्या बारीक नळ्या होत्या. त्यांत ट्रिटियम वायू असतो. त्याच्या किरणोत्सर्गामुळे नळीचा आतला लेप अहोरात्र मंद उजळत राहतो. त्याला सेल लागत नाही की दिव्याखाली धरावे लागत नाही. मात्र ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षे आहे. बारा वर्षांनी उजेड निम्मा आणि पंचवीस वर्षांनी पाव. दादाजींनी तत्काळ नाव दिले, "घटत्या शिलकेवरचा घसारा." इतर घड्याळांवर असते तो लेप दिव्याखाली धरल्यावर तेजाळतो आणि काही तासांत मंदावतो.

त्या रात्री दादाजींनी घड्याळ आपल्या खोलीत ठेवून घेतले. पहाटे चार वाजता, दिवा न लावता, त्यांनी ते पाहिले. चष्म्याशिवायही काटे दिसत होते.

चौथा नमुना फिरत्या कडीचा, आणि सगळ्या पारखीचे मर्म त्यातच होते. पाण्यात उतरण्यापूर्वी पाणबुड्या कडीवरची त्रिकोणी खूण मिनिटकाट्यासमोर आणतो. मग काटा कडीवरच्या ज्या आकड्यासमोर येईल, तितकी मिनिटे पाण्याखाली गेली असे समजावे. वजाबाकी नको, आठवण ठेवणे नको. आजच्या घड्याळांत ही कडी एकाच दिशेने, काट्यांच्या उलट फिरते. दादाजींनी ती दोन्हीकडे फिरवून पाहिली आणि विचारले, "असे का?"

"धक्का लागून कडी सरकली, तर गेलेली वेळ जास्तच दिसावी, कमी दिसू नये म्हणून. जास्त दिसली तर पाणबुड्या लवकर वर येईल. कमी दिसली, तर हवा संपेपर्यंत खालीच राहील."

दादाजी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ज्याने हे केले त्याला हिशेब कळत होता. संभाव्य तोटा आधी धरावा, संभाव्य नफा हाती आल्याशिवाय धरू नये. चूक होणारच नाही, असे तो म्हणत नाही. चूक झालीच तर ती कोणत्या बाजूने व्हावी, हे त्याने आधी ठरवून ठेवले आहे."

नायलॉनच्या पट्ट्यांतही त्यांना हाच विचार दिसला. ब्रिटिश संरक्षण खात्याने 1973 मध्ये ठरवून दिलेल्या नमुन्याचा पट्टा घड्याळाच्या पाठीमागून सलग जातो. एका बाजूची कांडी तुटली तरी घड्याळ दुसऱ्या कांडीवर मनगटालाच राहते. 'मजबूत' या शब्दाचा अर्थ न तुटणारे असा नसून, तुटल्यावरही धन्याचे नुकसान न करणारे असा आहे, हे नातवाने पहिल्यांदाच आजोबांच्या तोंडून ऐकले.

पंधरा दिवस संपत आले तेव्हा दादाजींनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी घरात कोणालाच सांगितली नव्हती. ते रोज पहाटे सामायिक करतात. दोन घडींचे, 48 मिनिटांचे. दिवा लावत नाहीत. पूर्वी बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या टोल्यांवर त्यांचा काळ बिनचूक जाई. ते घड्याळ बंद पडले आणि दुरुस्त करणारा कारागीरही राहिला नाही. वाळूची घडी अंधारात दिसत नाही. लग्नात मिळालेल्या चावीच्या 'एचएमटी'ला अंधारात दिसणारे काटे नाहीत. गेल्या वर्षभरात दोनदा असे झाले, की पुरेसा काळ गेला असे समजून त्यांनी सामायिक पूर्ण केले आणि दिव्याखाली पाहिले तर 41 आणि 43 मिनिटेच झाली होती. काळ पूर्ण होण्याआधी उठणे हा दोष. त्यासाठी त्यांनी प्रायश्चित्त घेतले. पण दृष्टीबरोबर अंदाजही चालला, ही खंत मनात राहिली होती.

नातू क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मग हे घड्याळ तुम्हीच ठेवा, दादाजी."

"हे नाही चालायचे. हे सेलचे आहे."

सामायिकात सेलच्या घड्याळाला स्पर्श करायचा नाही, ही त्या घराची रीत आहे. विजेत तेजस्कायिक जीवांची विराधना होते, अशी त्यामागची भावना. तेव्हा पारख नव्याने मांडावी लागली. आता प्रश्न 'नातवाला काय आवडते' हा नव्हता, तर 'कोणाला कशाची गरज आहे' हा होता. सेल नको म्हणजे हाताच्या हालचालीने चावी भरणारे ऑटोमॅटिक हवे. अशी घड्याळे दिवसाला दहा-वीस, कधी तीस सेकंद पुढेमागे होतात. सेलचे घड्याळ महिन्यात तेवढे होते. नातवाला ही उणीव वाटली. दादाजींनी बोटांवर हिशेब केला. अहोरात्राचे मुहूर्त तीस आणि सामायिक एक मुहूर्ताचे. दिवसाला तीस सेकंदांचा फरक पडला तरी सामायिकाच्या वाट्याला एकच सेकंद येतो. "एवढी तूट तर तराजूच्या काट्यातही असते," ते म्हणाले.

काळे घड्याळ मित्राकडे परत गेले. त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत जपानी बनावटीचे, 200 मीटरचे, पोलादी पट्ट्याचे ऑटोमॅटिक घड्याळ नातवाने पहिल्या बोनसमधून आणले. त्यावर ट्रिटियमच्या नळ्या नव्हत्या. साधा लेप होता. त्यावर उपायही सोपा निघाला. आसन घालण्यापूर्वी घड्याळ दोन मिनिटे दिव्याखाली धरायचे, खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, दिवा मालवायचा आणि मग नियम घ्यायचा. 48 मिनिटे लेप सहज वाचता येतो.

अडचण आली ती दुसरीच. परिग्रह परिमाण व्रतात दादाजींनी वस्तूंची जी यादी करून ठेवली आहे, तिच्यात 'घड्याळ' यापुढे आकडा एक आहे. नवे आले तर जुने गेले पाहिजे. त्यांनी 'एचएमटी' रुमालाने पुसले, चावी भरली आणि नातवाच्या हातावर ठेवले. नातवाकडे आधीच तीन घड्याळे होती. त्याला कोणी काही म्हटले नाही. पण दिवाळीपर्यंत त्यातली दोन पेढीवरच्या दोन हमालांच्या मनगटांवर दिसू लागली.

पर्युषणात नातू घरी आला होता. एका पहाटे त्यालाही जाग आली आणि तो दादाजींच्या शेजारी आसन घालून बसला. अंधारात घड्याळाचे काटे हिरवट दिसत होते. मिनिटकाटा कडीवरच्या 48 वर आला. दादाजी हलले नाहीत. 49 झाले. 50 झाल्यावरच त्यांनी सामायिक पूर्ण केले. दिवा लागल्यावर नातवाने विचारले, "दोन मिनिटे जास्त का?"

दादाजींनी मागच्या महिन्यातली गोष्ट सांगितली. घड्याळ पाटावर ठेवताना कडी कडेला घासून सरकली होती. तिचे 120 खटके आहेत, एक खटका अर्ध्या मिनिटाचा. चार खटके, म्हणजे दोन मिनिटे. काटा 48 वर दिसत होता तेव्हा खरी मिनिटे 46 च झाली होती. "पाणबुड्याला लवकर वर काढणे हा त्या कडीचा धर्म. त्याचा जीव त्यात वाचतो. पण मी तिच्या भरवशावर लवकर उठलो तर माझे व्रत उणे होते. यंत्र बनवणाऱ्याने त्याच्या गिऱ्हाइकाचा विचार केला. माझा मला करायला हवा."

"म्हणून दोन मिनिटे वर?"

"पेढीवर तुझ्या पणजोबांनी शिकवले होते," दादाजी आसन गुंडाळत म्हणाले, "घेणाऱ्याच्या पदरात माप टाकताना काटा जरा त्याच्या बाजूला झुकू द्यावा. तूट येणार असेल, तर ती आपल्याकडे यावी."

नातवाने मनगटावरच्या 'एचएमटी'ची चावी भरली. ते रोज भरावे लागते, नाही तर दुसऱ्या दिवशी थांबते. पुण्याला गेल्यापासून तो ते रोज सकाळी भरतो, आणि बहुतेक त्याच वेळी घरी फोन करतो.