गोल राखणारा आपला माणूस

इब्रामपूरच्या काजूबागायतीत वाढलेल्या आम्हा जुन्या घराण्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही: पोटासाठी गाव सोडावा लागतो. म्हणूनच बाहेर नाव काढणाऱ्या गोमंतकीयाविषयी आम्हाला विशेष ममत्व वाटते.

लिओ पिंटो हे असेच एक नाव. घराणे मूळ गोव्याचे, जन्म १९१४ साली नैरोबीत आणि हॉकीची कर्मभूमी मुंबई. १२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर भारताने ग्रेट ब्रिटनला ४-० असे नमवून स्वतंत्र देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, तेव्हा गोल राखला तो पिंटोंनी. त्या दिवशी आमचे पेडणे मात्र पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते. मुक्तीचा १९ डिसेंबर १९६१ उजाडायला तेरा वर्षांहून अधिक काळ होता. पारतंत्र्यातल्या भूमीशी नाते सांगणारा माणूस स्वतंत्र भारताचा गोल राखीत होता!

२०१० साली, वयाच्या ९६ व्या वर्षी ते निवर्तले. त्यांचा धर्म निराळा, गावही निराळा. तरी ते आम्हाला परके वाटत नाहीत. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतील हॉकी म्हापशाच्या पेडे येथे रंगली. तिथे हाती काठी धरणाऱ्या आमच्या नातवंडांना हे नाव ठाऊक असावे, एवढीच आमची इच्छा.