ताकाला जाऊन भांडे का लपवावे?

विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते निळे आकाश, पंख पसरून झेपावणारे यंत्र आणि निरोपाचे हलणारे हात. विमान उशिरा सुटले की आपण पावसाला, वैमानिकाला नाहीतर नशिबाला बोल लावतो. पण विमानाचा उशीर पुष्कळदा आकाशात जन्मतच नाही. तो जमिनीवर, माणसामाणसांतल्या अबोल्यातून जन्माला येतो.

आपल्याकडचे लग्नघर आठवा. भात अजून शिजायचा आहे हे आचाऱ्याला ठाऊक असते. वरात पारापाशी अडली आहे हे वाजंत्रीवाल्याला ठाऊक असते. मुहूर्त टळत चालला आहे हे भटजींना ठाऊक असते. प्रत्येकाला आपापले ठाऊक, पण एकाचे दुसऱ्याला नाही. मग पाने मांडली जातात, पंगत बसते आणि भाताची वाट पाहत मंडळी मठ्ठ्यावर मठ्ठा पितात!

विमानतळावरही असेच आहे. विमान एका कंपनीचे, सामान चढवणारी माणसे दुसरीची, इंधन भरणारी तिसरीची. मुंबईचा विमानतळ चालवण्याचे काम 2006 सालापासून खाजगी कंपनीकडे आहे आणि विमानांची वाहतूक नियंत्रित करणारा कक्ष मात्र सरकारी प्राधिकरणाचा. त्यातून मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरली जाते. अशा स्थितीत 2018 साली एका दिवसात हजाराच्या वर उड्डाणे आणि अवतरणे तेथे झाली. म्हणजे दीड मिनिटाला एक! तेथे वाया गेलेले एक मिनिट कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतेच.

जुनी रीत अशी की दारे बंद झाली की वैमानिकाने ‘तयार आहे’ असे सांगायचे आणि रांगेत लागायचे. सगळेच एकदम तयार झाले की धावपट्टीच्या तोंडाशी दहा-दहा विमाने इंजिने चालू ठेवून उभी. इंधन जळते, धूर होतो आणि पुढे मात्र कुणीच सरकत नाही. यावर युरोपात जो उपाय निघाला त्याला ‘एअरपोर्ट कोलॅबोरेटिव्ह डिसिजन मेकिंग’ असे लांबलचक नाव आहे. युरोपात म्युनिकच्या विमानतळाने 2007 साली तो प्रथम पुरता अमलात आणला. पुढे मुंबईनेही ही पद्धत स्वीकारली.

नाव मोठे असले तरी गोष्ट सोपी आहे. विमान आपली जागा केव्हा सोडू शकेल ती वेळ कंपनीने आधीच कळवायची. तिला ‘टीओबीटी’ म्हणतात. सगळ्यांच्या वेळा एकत्र मांडून, धावपट्टीला किती झेपेल ते पाहून, प्रत्येकाला इंजिन सुरू करण्याची वेळ उलट मिळते. थांबायचेच असेल तर ते जागेवर, इंजिन बंद ठेवून. आणि कळवलेल्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक फरक पडणार असेल तर लगेच नवी वेळ सांगायची.

येथेच खरी मेख आहे. माझा धाकटा मामा विमानात सामान चढवणाऱ्या टोळीचा मुकादम आहे. एका पावसाळी संध्याकाळी सामान वर नेणारा पट्टा बंद पडला. हे काम अर्ध्या तासाचे आहे, असे मामाने वरच्या साहेबांना तत्काळ सांगितले. साहेबांनी पुढे कळवले, ‘पाच मिनिटे’. पाचाची दहा झाली, दहाची वीस झाली. विमान सुटले तेव्हा मागची तीन विमाने खोळंबली होती. दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला तो मामाला! मी चिडले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “अगं, साहेबांच्याही वर साहेब असतोच की. उशीर कबूल करायला कुणाला आवडतं?”

त्याचे ते वाक्य मला फार दिवस छळत राहिले. कारण ही सारी पद्धत उभी आहे ती एका साध्या गोष्टीवर: जो जमिनीवर उभा आहे त्याला जे दिसते ते वरपर्यंत जसेच्या तसे पोहोचले पाहिजे. संगणक आकडे जुळवील, पण खोट्या आकड्यांतून खरी वेळ तो कोठून काढणार? कंपनीला वाटते, आपला उशीर आधी सांगितला तर आपला नंबर प्रतिस्पर्ध्याला जाईल. साहेबाला वाटते, ठपका आपल्यावर येईल. मुकादमाला मेमोची भीती. म्हणजे वेळेच्या ताकासाठी सगळेच आले आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीमागे भांडे लपवलेले!

वास्तविक उशीर आधी सांगणारा माणूस अपराधी नव्हे, तो उपकारकर्ता आहे. त्याने सांगितले म्हणून मागचे विमान पुढे जाते, रिकामी राहणारी वेळ कुणाच्या तरी कामी येते. ज्या दिवशी ‘अर्धा तास लागेल’ असे सांगणाऱ्याला मेमो मिळणार नाही आणि ‘पाच मिनिटे’ म्हणून झुलवणाऱ्याला जाब विचारला जाईल, त्या दिवशी ही पद्धत खऱ्या अर्थाने रुजली असे मी समजेन. यंत्रे विकत घेता येतात. खरे बोलण्याची मोकळीक मात्र आपणच एकमेकांना द्यावी लागते.