टॅपेट कव्हरचं पॅकिंग

अ‍ॅम्बेसेडरचं बॉनेट उघडलं की सगळ्यात आधी नजरेत भरायचं ते टॅपेट कव्हर. लांबट, दाबलेल्या पत्र्याचं, माथ्यावर ऑइल ओतायचं झाकण आणि कव्हर धरून ठेवायला दोनच नट. त्या 1489 सीसीच्या पेट्रोल इंजिनात हेड आणि कव्हर यांच्यामध्ये कॉर्कचं पॅकिंग असायचं, आणि ते कधी ना कधी पाझरायचंच. ब्लॉकवरून उतरलेला तेलकट ओघळ कुणी मनावर घेत नसे. त्यावर धुळीची पुटं चढली, किंवा तेल सायलेन्सरच्या तापलेल्या तोंडावर पडून गाडीत जळका वास यायला लागला, की मग गॅरेज आठवायचं.

पॅकिंग आणायला पुण्यात नाना पेठ. दुकानात खिळ्यांना माळांसारखी पॅकिंगं लटकलेली असत आणि जाणता मिस्त्री त्यातलं पहिलं कधीच घेत नसे. कॉर्क म्हणजे झाडाची साल. कोरड्या हवेत लटकून ती आकसते, मग पॅकिंग कव्हरच्या काठाशी जुळत नाही. मिस्त्री पॅकिंग हळूच वाकवून बघायचा. भुगा पडला की परत. नुसतंच आकसलेलं असेल तर घमेल्यात पाणी घेऊन भिजत टाकायचा. थोड्या वेळाने ते फुगून मापात यायचं. तयार पॅकिंग मिळालं नाही तर कॉर्कची शीट आणायची, कव्हरच्या काठाला ग्रीस लावून तिच्यावर छाप घ्यायचा आणि ब्लेडने कापायचं.

बसवण्याची रीत ठरलेली. आधी जुन्याची खरड काढायची, तीही हेडच्या भोकांत चिंध्या कोंबून, नाहीतर कचरा थेट ऑइलमध्ये. शेलॅक लावायचं ते फक्त कव्हरच्या बाजूला. हेडच्या बाजूला ग्रीसचा हात. म्हणजे पुढच्या वेळी कव्हर उचललं की पॅकिंग त्यालाच चिकटून वर येतं आणि धड असेल तर पुन्हा चालतं. शेवटी नट. नव्या पोराच्या हाती पान्हा गेला की हमखास जास्त आवळला जायचा. पत्र्याचा काठ वाकायचा, कॉर्क बाहेर यायचा आणि गळती पहिल्यापेक्षा वाढायची. मग कव्हर लाकडी ठोकळ्यावर ठेवून काठ हातोडीने सरळ करत बसा.

‘पुढच्या वेळी’ हा शब्द त्या काळी खरा होता. टॅपेट सेटिंगसाठी कव्हर ठरावीक अंतराने उघडावंच लागे. आठ व्हॉल्व्ह, आणि हिशेब नऊचा: आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिल्याची फट मोजायची, सहावा दाबलेला असताना तिसऱ्याची. दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे. फीलर गेजचं पातं रॉकरखालून सरकवताना किंचित अडलं की मिस्त्री मान डोलवायचा. याच वेळी इंजिनाच्या पोटातलं सगळं दिसायचं. ऑइल वेळेवर बदललेलं नसेल तर रॉकरवर काळा चिखल. आत पाणी शिरत असेल, किंवा इंजिन कधी नीट तापतच नसेल, तर कव्हरच्या आतून पिवळट फेस, दुधावर साय धरावी तसा. मालक शेजारी उभा राहून हे बघायचा. खोटं बोलायला त्याला आणि मिस्त्रीला दोघांनाही जागा नसायची.

अ‍ॅम्बेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना 2014 मध्ये बंद पडला, पण कॉर्कचा जमाना त्याच्या बराच आधी सरला होता. आताची कव्हरं अ‍ॅल्युमिनियमची नाहीतर प्लॅस्टिकची. पॅकिंग म्हणजे साच्यातून काढलेलं रबर, कव्हरच्या खाचेत बसणारं. शेलॅक नाही, ग्रीस नाही, कोरडंच बसवायचं. सिलिकॉनचा ठिपका कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांतच, जिथे टायमिंग कव्हर हेडला भिडतं. हौसेने सगळीकडे फासलं तर आतल्या बाजूला आलेली पापुद्री सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकते. बोल्ट बरेच, पण ताकद थोडी, साधारण 10 न्यूटन-मीटर. मधून सुरुवात करून बाहेर जायचं, तेही टॉर्क रेंचने. मनगटाच्या अंदाजावर प्लॅस्टिकला चीर जाते.

कॉर्कचे गोडवे मी गाणार नाही. नवं रबर कितीतरी सरस आहे, वर्षानुवर्षं पाझरत नाही. अनेक इंजिनांत व्हॉल्व्हची फट ऑइलच्या दाबानेच सांभाळली जाते, त्यामुळे कव्हर उघडायचं कारणच उरलेलं नाही. अडचण तिथेच आहे. उष्णतेने रबर कडक होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच इंजिनांत प्लग कव्हरमधल्या खोल नळ्यांच्या तळाशी असतात. नळ्यांभोवतीची सीलं गेली की ऑइल बाहेर न येता त्या विहिरींत साचतं. गाडी झटके द्यायला लागते. स्कॅनर मिसफायर दाखवतो, कॉइल बदलली जाते, महिन्याभरात पुन्हा झटके. कॉइल उपसताना तिच्या रबरी नळीवर तेल चमकत होतं, ते पुसून टाकलेलं असतं.

म्हणून आता पॅकिंग घेताना प्लगच्या सीलांसकट पूर्ण सेट मागावा, चॅसिस नंबर सांगावा आणि जुनं पॅकिंग काउंटरवर नव्याशेजारी ठेवून खाचेत बसणाऱ्या भागाची जाडी ताडून बघावी. पीसीव्ही व्हॉल्व्हही साफ करून घ्यावा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि नवंकोरं पॅकिंगही त्याच जागी पुन्हा ओलं होतं.